कुजबुजरावांचं वाक्य

पडदा वर जातो. समोर एक लांबट खोली. डाव्या टोकाला शिलाई मशीन आणि स्टुलावर ताठ बसलेली एक बाई. उजव्या टोकाला इस्त्रीचं टेबल आणि त्याच्यामागे एक सडपातळ गृहस्थ, शर्टाची गळ्याशी असलेली गुंडीसुद्धा लावून उभे. दोघांच्या मधे दहा-बारा पावलांचं अंतर.

"माझा माणूस कुठे आहे?" बाई कडाडली. "सकाळपासून हिंडतेय मी! इथे कुणाला काही माहीत आहे की नाही?"

गृहस्थांचे ओठ हलले.

"ऐकू नाही आलं!"

ओठ पुन्हा हलले.

"अहो, माशीसुद्धा याहून मोठ्यानं गुणगुणते! पोटातून काढा आवाज, पोटातून!"

ही तालीम होती. बाई त्यांची पत्नी, आणि कपडे शिवता शिवता हरवलेल्या रुग्णाच्या चिडलेल्या नातेवाइकाची भूमिका ती झोकात वठवत होती. दोन वर्षांपासून तिला कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे या कामाला तिच्याइतकं लायक दुसरं कुणी सापडलं नसतं. "मला ऐकू आलं, की तुमच्या साहेबांच्या मेलेल्या आजोबांनाही ऐकू येईल," असं तीच म्हणायची.

गृहस्थांनी एकतीस वर्षं एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टरचं काम केलं होतं. डाव्या विंगेत बुटकं स्टूल, मांडीवर वही, वहीवर झुकलेला मिणमिणता दिवा. नट वाक्य विसरला की ते अशा बेतानं द्यायचं, की फक्त त्यालाच पोचेल आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला पत्ताही लागणार नाही. आपण विसरलोय हे नटाला कळायच्या आधी यांना कळायचं. श्वास अर्ध्यावर थांबतो, आणि हात नकळत कपड्याच्या काठाशी जातो. तो हात दिसला, की यांच्या ओठांतून वाक्य सुटलंच. त्या वाक्यावर राजे गरजले, नायिका रडल्या, थिएटर टाळ्यांनी दणाणलं, आणि हे अंधारात वहीचं पान उलटत राहिले. मंडळींनी लाडानं नाव ठेवलं, कुजबुजराव.

मग थिएटरला टाळं लागलं. पन्नाशी उलटलेल्या कुजबुजरावांना एका मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर वर्षभराचं हंगामी काम मिळालं. कुठला रुग्ण कुठल्या वॉर्डात, कुणाला सकाळी हलवलं, सगळं तोंडपाठ. पण लोक काचेला कान लावून "काय? काय म्हणालात?" करायचे आणि शेवटी वैतागून दारावरच्या पहारेकऱ्याला विचारायचे. त्याला काही म्हणजे काही माहीत नसे, पण मिश्या होत्या आणि आवाज होता.

कचेरीच्या मोठ्या बाईंनी एकदा बोलावून घेतलं. "तुम्हाला सगळं ठाऊक असतं हो. पण तुम्ही खिडकीत आहात, हेच लोकांना कळत नाही. खांदे मागे, नजर समोर, आवाज मोकळा. मुलाखतीत मीच चिडलेली नातेवाईक होऊन 'माझा माणूस कुठे आहे?' विचारणार, आणि हेच बघणार. जागा एकच आहे, आणि तिला उमेदवार तुम्ही धरून दोघं आहात."

जागा कायमची होती. कायम झालेल्यांच्या घरच्यांवर याच इस्पितळात फुकट उपचार होत. पत्नीच्या कानांचं ऑपरेशन वर्षाच्या आत केलं तर ऐकणं वाचेल, उशीर झाला तर नाही, असं तिथल्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून ही तालीम. म्हणून इस्त्रीचं टेबल.

एकविसाव्या दिवशी त्या टेबलामागून आवाज आला. "तुमचा माणूस सापडेपर्यंत मी ही खिडकी सोडणार नाही. तुम्ही बसा, पाणी प्या. शोधायचं काम आता माझं."

पत्नीनं हातातला ब्लाउज खाली ठेवला. "आलं," ती म्हणाली. "सगळं ऐकू आलं." आणि डोळे पुसून वर म्हणाली, "पण मान वर ठेवा. गुन्हेगारासारखे काय उभे राहता?"

मुलाखतीच्या दिवशी लांब टेबलामागे तिघं बसले होते. समोर दोन खुर्च्या. दुसरी उमेदवार तिशीतली बाई होती, आधी कापडाच्या दुकानात होती. आवाज असा की काचा थरथराव्यात. पहिली पाळी तिची. ती पुढे जाऊन उभी राहिली.

मोठ्या बाईंनी टेबलावर हात आपटला. "माझा माणूस कुठे आहे? सकाळपासून हिंडतेय मी!"

"बाई, आपण…" ती खणखणीत सुरू झाली आणि थांबली. समोर खोटंखोटं चिडलेली साहेबीण, बाजूला दोन पेनं कागदावर टेकलेली. तिचा श्वास अर्ध्यावर राहिला. हात पदराच्या काठाशी गेला.

कुजबुजराव मागे डाव्या खुर्चीवर होते. पुढे जे झालं त्यात विचाराला जागाच नव्हती. एकतीस वर्षांचे ओठ आपोआप हलले.

"तुमचा माणूस सापडेपर्यंत मी ही खिडकी सोडणार नाही," बाईनं वाक्य उचललं, आणि काय उचललं! खांदे मागे गेले, मान वर झाली. "तुम्ही बसा, पाणी प्या. शोधायचं काम आता माझं." टेबलामागच्या एकानं चक्क टाळी वाजवली. आणि ती टाळी ऐकून क्षणभर कुजबुजरावांना बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

मग त्यांचं नाव पुकारलं गेलं. मोठ्या बाईंनी तोच हात तसाच आपटला. कुजबुजराव उभे राहिले. जवळ एकच वाक्य होतं, तेच म्हणाले, पण दिलेलं वाक्य परत मागितल्यासारखं वाटून आवाज पुन्हा घशातच राहिला.

"काय?" मोठ्या बाई पुढे झुकल्या. "अहो, हे तर यांनी आत्ताच सांगितलं. तुमचं स्वतःचं काही?"

घरी पत्नी दारातच उभी होती. "काय झालं?"

"नाही जमलं."

"आवाज बसला ना ऐन वेळी?"

"हो," ते म्हणाले. तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्या हाताला भिऊनच जणू त्यांनी पुढचं सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतर सहा वर्षं नाही.

त्या सहा वर्षांत तिचा उजवा कान पुरता गेला. डाव्याशी कुणी खणखणीत बोललं तर काही शब्द पोचत. ते शिवलेल्या कपड्यांना इस्त्री करत, गुंड्या लावत. दिवसभराचं काय ते तिला कागदावर लिहून दाखवत. अक्षर सुरेख होतं.

मग त्यांनाच खोकल्यानं धरलं, आणि एका दुपारी त्याच इस्पितळात स्ट्रेचरवरून आत नेलं. पत्नी गर्दीत मागे राहिली. तासाभरानं ती खाटेशी आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसत होता.

"मी खिडकीवर गेले," ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ती म्हणाली. सगळा वॉर्ड बघायला लागला. "म्हटलं, माझा माणूस कुठे आहे? खिडकीतली बाई उठून बाहेर आली, माझ्या कानाशी वाकली, आणि काय म्हणाली सांगू? तुमचा माणूस सापडेपर्यंत मी ही खिडकी सोडणार नाही."

कुजबुजरावांनी डोळे मिटले.

"डोळे काय मिटता? आपल्या टेबलामागचं वाक्य तिच्याकडे कसं गेलं?"

"अडखळली होती ती," ते म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही, पण कळायचं ते कळलं. बराच वेळ ती उशीच्या अभ्र्याची उसवलेली शिवण बोटानं चाचपत राहिली.

"माझे कान देऊन टाकलेत हो तुम्ही तिला," ती म्हणाली. मग त्यांच्या गळ्याशी सुटलेली गुंडी लावत म्हणाली, "आवाज मात्र चांगला आहे तिचा. सगळं ऐकू आलं मला."

तिसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टरीण आली. हातात कागद होते. नुकतीच कामाला लागली असावी. तिनं पत्नीसमोर उभं राहून सुरुवात केली, "हे बघा आजी, रिपोर्ट आलेत, आणि आम्ही…" पुढचं वाक्य आलं नाही. श्वास अर्ध्यावर राहिला. हात पांढऱ्या कोटाच्या काठाशी गेला आणि काठ चुरगळू लागला.

खाटेवरून तो हात दिसला. पत्नी डॉक्टरणीच्या तोंडाकडे बघत होती, वाट पाहत. कुजबुजरावांनी मान जराशी वळवली, आणि फक्त त्या पोरीलाच पोचेल इतक्या बेतानं ते म्हणाले, "आता फार दिवस उरले नाहीत, असं म्हणा… आणि मोठ्यानं म्हणा बाळ, तिला ऐकू येत नाही."