गेरूच्या खुणा

राग मले आजही येतो, आणि कावून नाही यावा? भिलाईचा कारखाना तेव्हा उभा होऊन राहिला होता. ठेकेदाराच्या शेडमध्ये रुळावर चालणारी एक बिजलीची गाडी होती. तिच्यावर ड्रायव्हर नसे. लोंबत्या तारेच्या टोकाले बटनांचा डब्बा, तो हातात धरून बाजूनं चालत जायचं. हे काम माझं अन् माझ्या जोडीदाराचं. दोघंही भंडाऱ्याकडचे, नांगर सोडून आलेले.

गाडी चालवणं सोपं होतं, थांबवणं महाकठीण. बटन सोडलं तरी ती पुढं जातच राहायची. रिकामी असली तर दोन हात, लोखंड लादलं असलं तर बारा हात. म्हणून आम्ही फरशीवर गेरूनं खुणा केल्या होत्या, रिकाम्या गाडीचं बटन कुठं सोडायचं अन् भरल्या गाडीचं कुठं.

अन् तो ओव्हरसियर! मोठे साहेब पाहणीले येणार म्हणून त्यानं सारी फरशी घासून घेतली. मी ओरडलो, "अहो जी, खुणा पुसल्या जाऊन राहिल्या!" तर म्हणे, "ही काय रांगोळी आहे?" मूर्ख लेकाचा!

दुसऱ्या सकाळी जोडीदारानं भरल्या गाडीचं बटन अंदाजानं सोडलं. गाडी थांबेचना. उतारावरच्या बैलगाडीले लावतो तसा चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावायले तो धावला, अन् त्याचा पाय चाकाखाली गेला.

तो दवाखान्यात विव्हळून राहिला होता, अन् इकडं ओव्हरसियर कागद लिहून राहिला होता की कामगाराची लापरवाही, कामावरून काढा. घरी जोडीदाराची बायको अन् तीन लेकरं. माझं डोकंच फिरलं. पाहणीले आलेल्या मोठ्या साहेबांसमोर मी म्हणलं, "साहेब, बटन कुठं सोडायचं त्याच्या खुणा यांनीच पुसल्या. आता गाडी भरा. ओव्हरसियर साहेबांनी रुळाच्या शेवटाले उभं राहावं. ते म्हणतील तिथं मी बटन सोडतो."

साहेब त्याले म्हणाले, "जा, उभे राहा."

बाप्पा, त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं! तो पुढं तर गेलाच नाही, उलट दोन पावलं मागं सरकला.

"मागं कावून सरकून राहिले जी?" मी म्हणलं. "लिहा ना आता, गलती कोणाची ते!"

साहेबांनी त्याच्या हातातला कागद घेतला अन् फाडला. जोडीदाराची नोकरी वाचली. पाय मात्र डॉक्टरनं घोट्यापासून कापला, अन् ओव्हरसियर पुढच्या महिन्यात दुसऱ्या शेडवर मजेत हुकूम सोडून राहिला होता.