टाकी बिघडली तेव्हा

बीएस्सी झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा शेडमध्ये. लांज्याहून मी एसटीने जायचे. मच्छीमार लाँचींच्या पंपांचे भाग तिथे यायचे. खाऱ्या पाण्याने गंजू नयेत म्हणून आम्ही त्यांवर निकेल चढवायचो. वीज न लावता, नुसत्या गरम द्रावणात. मालक मुंबईतली नोकरी सोडून गावाकडे आलेले. मी त्यांना काका म्हणायचे. काकूही त्यांच्याबरोबर शेडमध्येच राबायच्या. त्या उन्हाळ्यात त्या अचानक गेल्या.

दिवसकार्य उरकून काका कामावर आले आणि टाकी बिघडू लागली. एरवी बुडबुडे आत टांगलेल्या भागांवरून तेवढे उठायचे. आता टाकीच्या कडांवरून, तळातूनही उठू लागले. हिरवं द्रावण काळवंडायचं, खाली काळी रेती साचायची. निकेल भागांवर चढायचं सोडून टाकीलाच चढत होतं. मी आम्लता तपासली, तापमान उतरवलं, द्रावण गाळलं, टाकी नायट्रिक अ‍ॅसिडने धुतली. नवं द्रावण केलं, तेही तसंच गेलं. काका म्हणत, पाण्यातच काहीतरी असेल.

एका सकाळी मी भाग घासत होते. काकांनी हायपोचा मग टाकीत ओतला. या रसायनाच्या जोरावरच निकेल चढतं, पण ते जास्त झालं की द्रावण फुटतं, निकेल कुठेही बसू लागतं. जरा वेळाने काका परत आले, तोच मग भरून पुन्हा ओतू लागले.

मी जाऊन त्यांचा हात धरला. "काका, मघाशीच घातलंत तुम्ही."

ते मगाकडे बघत राहिले. मग स्टुलावर बसले.

"मी ओतलं की ती म्हणायची, झालं हां," ते म्हणाले. "मला कधी लक्षात ठेवावंच लागलं नाही गो बाय."

मी हीटर बंद केला.

ते द्रावणही वाया गेलं. पुढचं तयार केलं तेव्हा, मापं यापुढे तूच घाल, असं काकांनीच सांगितलं आणि स्वतः भाग तारेला टांगायचं काकूंचं काम घेतलं. सुरुवातीला भाग एकमेकांना टेकायचे, तिथे डाग राहायचे. ते पुन्हा घासत, पुन्हा टांगत.

दसऱ्याच्या सुमारास एका लाँचीचे सगळे भाग एकसारखे, स्वच्छ निघाले. काकांनी एक उजेडात फिरवून पाहिला, फडक्यात गुंडाळून ठेवला आणि पुढच्याला तार बांधायला घेतली.