ओलायाची चौथी शर्यत

सेफेरिनाला धावायचं वेड लहानपणापासूनचं. शेळ्या वळायला धावत, पाण्याला धावत, शेजारणीच्या चहाड्या ऐकायलासुद्धा धावतच. तिची नणंद लिब्राडा म्हणायची, "वहिनीला घरात बसवायचं असेल तर पायात दावं बांधा."

तिची तान्ही लेक ओलाया तापाने गेली तेव्हाही ती धावलीच. आमच्या डोंगरात मेलेल्याला वर पोचवायला जेवण घालतात, पुरुषाला तीनदा आणि बाईला चारदा, आणि त्या दिवशी शर्यत लावतात. पोर तान्ही असली तरी ती बाईच. बायकांच्या दोन बाजू, प्रत्येकीचं चिंध्या गुंडाळलेलं एक कडं; ते काठीने पुढे भिरकावायचं आणि त्याच्यामागे सुटायचं. हात लागला की हरलात. पहिल्या तिन्ही शर्यती सेफेरिनाच्या बाजूनेच जिंकल्या. धावल्याने दुःख काही कमी होत नव्हतं, पण तेही तिच्याबरोबर धापा टाकायचं, आणि तेवढ्यानेच तिला बरं वाटायचं.

चौथी मात्र शेवटची. ती संपली की पोर कायमची जाणार. मग तिच्या नावाने वाढायचं नाही, तिला हाक मारायची नाही. हे सेफेरिनाला सोसवत नव्हतं.

सकाळी लिब्राडाने आपला कोरा लाल घागरा वहिनीच्या बाजूवर पैजेच्या ढिगात टाकला. "हरलीस ना वहिनी, तर तुझ्या भावाशी लग्न करून सूड घेईन."

"कर की. तुझ्या हातचं खाऊन तोही पळायला शिकेल."

मक्याची दारू पीत बसलेले पंच, म्हातारे सिरिलो, पोट धरून हसले.

शेवटच्या फेरीपर्यंत सेफेरिनाच पुढे होती. कडं उतारावर पडलं, समोर शेवटची रेघ दिसू लागली, आणि ती थांबली. खाली वाकून तिने कडं सरळ हाताने उचललं.

मागून लिब्राडा धापा टाकत आली. "अगं, काय केलंस हे? माझा घागरा गेला की!"

"तिला चालता कुठे येत होतं, लिब्राडा? एवढा चढ एकटी कशी चढणार?"

लिब्राडाचा राग तिथेच विरला. डोक्याच्या रुमालाने तिने वहिनीचं तोंड पुसलं. "एकटी कशाने? वर माझी आई आहे ना. तुला जन्मभर टोचून बोलली, पण नातवंडाला कधी खाली ठेवलं का तिने?"

"खाली? मलासुद्धा मागून घ्यावी लागायची पोरं," सेफेरिना म्हणाली. तिला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही फुटलं.

मग कडं छातीशी धरून ती रेघेपर्यंत धावली. समोरच्या बायका केव्हाच जिंकल्या होत्या.

"हात लावलास. हरलीस," सिरिलो म्हणाले.

"हो, आजोबा."

"मग आता सोड ते."

तिची बोटं सुटेनात. सिरिलोंनी पेला खाली ठेवला.

"घाई नाही, वहिनी," लिब्राडा हळूच म्हणाली. "आई थांबलीय."

बऱ्याच वेळाने सेफेरिनाने कडं रेघेपलीकडे ठेवलं आणि वर डोंगराकडे बघितलं.

"ओलाया," तिने हाक मारली, "जा बाई. आजी आलीय."