तिसऱ्या हाकेची वाट

आमच्या घरात भर दुपारी कोणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही, असा नियम होता. पहिली हाक सोडायची, दुसरी सोडायची, तिसरी आली तरच तोंड उघडायचं. माणूस तीनदा हाक मारतं, पाण्यातल्या आसरांना तिसरी हाक मारता येत नाही, असं आई सांगायची. का येत नाही, असं मी एकदा विचारलं, तर पाठीत धपाटा बसला.

न्हावऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, शेतातच आमचं घर. आजोबांपर्यंत आमचे लोक मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. माळावर लांबून आवाज येतो, कोण कुठून बोलावतंय कळत नाही, तेव्हाचा हा नियम असावा. मग जमीन घेतली, ऊस लावला, नव्वदीच्या शेवटी शेवटी वडील रांजणगावच्या कारखान्यात पाळ्या करायला लागले. पण दुपारी बारा ते दोन घरातली सगळी माणसं बहिरी व्हायची ती व्हायचीच. एकदा पोस्टमन दारात दोनदा ओरडला, चिडला आणि पत्र तुळशीपाशी टाकून निघून गेला. मला हसून हसून ठसका लागला.

हसू यायचं ते घरात असेपर्यंत. उसाच्या पलीकडच्या विहिरीपाशी माझंही तोंड बंद व्हायचं. विहीर जुनी, दगडी, आत पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या, काठावर एक उंबर आणि त्याच्या बुडाशी शेंदूर लावलेले आसरांचे सात दगड. माझ्या जन्माच्या आधी धाकटे काका त्या विहिरीत गेले. आसरांनी हाक मारली आणि त्यांनी पहिल्याच हाकेला ओ दिली, म्हणून गेले, असं घरात सांगत. सांगायची आत्या, काकांची मोठी बहीण. ती लवकर विधवा होऊन माहेरी आली होती आणि त्या दिवशी घरी तीच एकटी होती. ही गोष्ट ती दर वेळी त्याच शब्दांत सांगायची आणि सांगताना कोणाकडे बघायची नाही.

आणि मी सगळं थोतांड म्हणावं, तर माझ्याही गाठीला एक दुपार आहे. मी आठवी-नववीत असेन. विहिरीच्या अंगाला आम्ही गोवऱ्या उलटत होतो. ऊस अगदी स्तब्ध होता. विहिरीतून माझ्या नावानं हाक आली, हळू, आईच्या आवाजात. आई माझ्या शेजारी बसली होती. तिचा हात गोवरीवर तसाच थांबला, म्हणजे तिनंही ऐकलं होतं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही, राहिलेल्या गोवऱ्या उलटल्या आणि घरी आलो. त्याबद्दल आम्ही आजवर बोललेलो नाही.

बारावीची परीक्षा झाली, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आत्या सकाळच्या एसटीनं डोळे दाखवायला दौंडला गेली होती. वडील पहिल्या पाळीला. घरात आई आणि मी. आई गहू निवडत होती, मी भाकरीचं पीठ मळत होते. बारा वाजून गेले होते. विहिरीकडून हाक आली.

"ए पोरीऽऽ!"

आवाज आत्याचा होता. मला आत्याशिवाय कोणी पोरी म्हणत नसे.

आईनं सूप खाली ठेवलं. "आत्या दौंडला हाय," ती हळूच म्हणाली.

"आवाज तिचाच हाय."

"म्हणूनच म्हणते, बस खाली. तिसरी येऊ दे."

आम्ही बसलो. दुसरीसुद्धा आली नाही. बाहेर ऊन, कुत्रं सावलीला पडलेलं, त्यानं मान वर करून विहिरीच्या दिशेला कान टवकारलेले.

"खरंच ती असली तर?" मी म्हणाले.

"आन् नसली तर?"

मी फार घाबरले होते, हे मी कबूल करते. शूरपणा वगैरे काही नव्हता. पण मी मूळची हट्टी, आणि मनात एक हिशेब सुरू झाला. गेले आणि ती नसली, तर काकांसारखी मी जाईन. नाही गेले आणि ती असली, तर रोज याच चुलीपाशी बसून मला जेवावं लागेल. मला दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटली. मी उठले. आईनं ओढणी धरली. ओढणी तिच्या हातात राहिली आणि मी पिठाच्या हातांनीच पळाले. गोठ्यातून बैलाचा कासरा तेवढा उचलला.

विहिरीत डोकावले. काळ्या पाण्यात एक तोंड वर बघत होतं. केस सुटलेले, लुगडं भोवती पसरलेलं, ओठ हलत होते पण आवाज नव्हता. ते तोंड आत्याचं वाटत नव्हतं.

"आत्या, तूच हाईस ना?" मी विचारलं. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. ती काय सांगणार होती?

नुसता एक हात वर आला.

मला पोहता येत नव्हतं. आमच्या घरात कोणालाच येत नव्हतं, काका गेल्यापासून पाण्यात उतरायचीच बंदी होती. कासऱ्याचं एक टोक उंबराला बांधलं, दुसरं कमरेला, आणि उतरले. शेवटची पायरी शेवाळलेली होती. बसून हात पुढे केला. बर्फासारखी बोटं माझ्या मनगटाभोवती आवळली आणि मी खाली ओढली गेले. झालं, आता संपलं, असं वाटून मी डोळे मिटले. मग कासरा ताणला, गाठ टिकली. मी जीव खाऊन मागे रेटलं. ती पायरीवर येऊन पडली, तेव्हा तिच्या मनगटावरचं तुळशीचं गोंदण मला दिसलं. हात मी त्याच्या आधीच दिला होता.

वर आई ओढणी छातीशी धरून रडत उभी होती.

झालं होतं साधंच. एसटी फाट्याच्या पुढे बंद पडली, दुसरीची वाट बघून बघून आत्या शेतातून चालत परत आली, उन्हानं कासावीस होऊन तोंड धुवायला विहिरीत उतरली आणि घसरली. उंबराची मुळी हाताला लागली म्हणून तगली. दुसऱ्या हाकेला तिच्यात दम उरला नव्हता.

अंगणात आम्ही तिला गोधडीत गुंडाळून बसवलं. आई चहा ठेवायला आत गेली. आत्या कुडकुडत माझ्याकडे बघत राहिली.

"किती हाका आल्या गं?"

"एकच."

"आन् एकीलाच आलीस?"

मी मान हलवली. ती रडायला लागली. तोंडात पदराचा बोळा कोंबून, आत आवाज जाऊ नये असं.

"त्यानं दोनदा मारली व्हती," ती म्हणाली. "मी हितंच डाळ निवडत बसले व्हते. 'आक्का' म्हणला. मी बसले. परत 'आक्का' म्हणला. मी बसलेच, तिसरीची वाट बघत. तिसरी आलीच न्हाई बया. लोकांनी इचारलं तवा मी म्हणले, त्यालाच हाक आली व्हती."

आई कपबशी घेऊन बाहेर आली. आत्यानं डोळे पुसले आणि चहा घेतला.

हे तिनं पुढे कोणाला सांगितलं नाही, मीही नाही. घरातला नियम तसाच राहिला. फक्त आत्या मला हाक मारायची ती एकदाच, आणि तोंडात घास असला तरी मी ओ द्यायची. दोन हजार सालानंतर मला दौंडला नोकरी मिळत होती. एकटी राहायचं म्हटल्यावर सगळे म्हणाले, यंदा थांब, पुढच्या वर्षी बघू. मी थांबले नाही. आत्या म्हणाली, "जा."

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून दौंडलाच आहे. दुपारी दोन गाड्यांच्या मधे स्टेशनचा गलका थांबतो, तेव्हा कधीतरी हाक येते. "ए पोरीऽऽ!" एकदाच. ती नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मी गॅस बारीक करते, ओ देते आणि दार उघडून बघते. अजून तरी बाहेर कोणी उभं नव्हतं.