गडद ऑलिव्ह भिंत आणि एकोणीस पाठी

आमच्या बैठकीच्या भिंतींवर तेलकट डोक्यांचे चौदा डाग होते. (मी मोजले होते. त्यातले तीन माझे.) या डागांपायी माझ्या बायकोने, कमलने, दोन वर्षं संक्रांतीचं हळदीकुंकू केलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी तिने बजावलं, "रथसप्तमीच्या आत भिंती रंगवा, नाही तं मी गल्लीत तोंड दाखवत नाही!"

खामगावच्या तेलगिरणीत वजनकाट्यावर माझी वीस वर्षं गेली होती. आकडा चुकणं मला ठाऊक नव्हतं. डाग दिसूच नयेत असा रंग मी निवडला: गडद ऑलिव्ह हिरवा ऑइलपेंट, चार फूट उंचीपर्यंत.

"हा तं मिलिटरीच्या ट्रकाचा रंग हाय!" कमल म्हणाली.

"ट्रकावर कधी डाग पाह्यला?"

ती पाय आपटत आत गेली. (हा माझा शेवटचा विजय.)

पाहुण्यांची यादीही मीच केली. भिंतींचा घेर चव्वेचाळीस फूट, दोन दारांचे सहा वजा, एका बाईला टेकून बसायला दोन फूट. एकोणीस बाया!

"अहो, गल्लीत पंचवीस हायेत!"

"उरलेल्या सहा पुढच्या वर्षी."

रंगही मी असाच चोख मोजून आणला. पण चुन्याची भिंत रंग पिते, हे गणितात नव्हतं. पहिल्या हातातच डबा तळाला! दुसऱ्या हातासाठी मी गिरणीतून जवसाचं ताजं तेल आणून उरलेल्या रंगात ओतलं. रंगारी करीमभाईंनी ब्रश खाली ठेवला.

"साहेब, हे कच्चं तेल हाय. उकळेल पायजे. हे वाळनार नाही."

"करीमभाई, तेलात जन्म गेला माझा. चार दिवसांत खडखडीत!"

"तेल तुमचं, भिंत बी तुमचीच," असं म्हणून त्यांनी ब्रश उचलला.

रथसप्तमी उजाडली. भिंतीला बोट लावलं की बोट हिरवं!

"आता काय करू मी?" कमल रडायच्या बेताला आली.

"साऱ्याइले काळ्या साड्या नेसून या म्हण."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूटपणे सतरंज्या भिंतीपासून फूटभर पुढे ओढल्या. एकोणीस बाया अगदी बेताने बसल्या. फक्त दारातच दाटी झाली आणि कमलला तबक घेऊन आत यायला वाट उरेना. मी दारातून डोकावलो आणि (गिरणीतल्या सवयीने!) ओरडलो, "जरा मागं सरका, वाट द्या!"

एकोणीस पाठी एकदम भिंतीला!

बाया उठल्या तेव्हा माझी भिंत त्यांच्या पाठींवरून घरोघरी निघाली होती. कमल आतून कडी लावून बसली.

दुसऱ्या दिवशी दारात सहा बाया उभ्या. पाठी स्वच्छ! पुढे शेजारच्या गोदाकाकू.

"काऊन हो भाऊ? विहिरीवर पाह्यलं तं साऱ्या गल्लीच्या साड्या हिरव्या, आमच्याच कोऱ्या! आमी काय घोडं मारलं तुमचं?"

"यादी यायनं केली," कमल माझ्याकडे बोट दाखवून मोकळी झाली.

मी सगळा हिशोब उलगडून सांगितला. घेर, दारं, दोन फूट. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"अन् मधात काय खड्डा हाय?"

मी खोलीच्या मधोमध पाहिलं. बारा बाय दहा. पंचवीस बाया सहज मावल्या असत्या, आणि एकीचीही पाठ भिंतीला लागली नसती.

मी मनातल्या मनात दोनदा ताळा केला. काकूंचं गणित बरोबर होतं. काकूंची शाळा दुसरीतच सुटली होती!