लाल दोऱ्याचा टाका

गोव्यात पाळी गावाला आमची भाड्याची एकच खोली होती. खाट, कपाट आणि गॅस मांडल्यावर दोन माणसे जेवायला बसतील एवढीच जमीन उरायची. मला सातवा महिना लागला आणि आई सिंधुदुर्गातून जुन्या साड्यांचे बोचके घेऊन आली, बाळासाठी वाकळ शिवायला.

एवढ्याशा जागेत अर्धी वाकळ पसरून कच्चे टाके घातले की उरलेल्या अर्धीत चुण्या पडत. आईने दोनदा उसवले. मग म्हणाली, "सोप्यार घालूया."

सोपा, म्हणजे पुढची ओसरी, घरमालकिणीचा, लांबरुंद आणि गुळगुळीत. मला तिथे जायचेच नव्हते. आई गावात चार घरची धुणीभांडी करायची, साड्याही त्या घरांनीच दिलेल्या. हे मी इथे कुणाला कळू दिले नव्हते.

पण आई ऐकते कुठली! तिने सोप्यावर थर पसरले, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि गुडघ्यांवर बसून मधून कडेकडे तळहात फिरवू लागली. चुण्या सरकत सरकत काठाबाहेर गेल्या. तेवढ्यात मालकीण बाहेर आली.

"ही कोण गे?"

"गावची बाई. वाकळी शिवता," मी सांगून टाकले.

आईचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

मालकीण मनाची चांगली. कौतुकाने वाकून म्हणाली, "पयलो टाको भुरग्याचे आजयेन घालपाचो न्हय?"

रीत आमचीही तीच, पहिला पक्का टाका बाळाच्या आजीने घालायचा. त्या टाक्यासाठी आईने मुद्दाम लाल दोरा आणला होता, सुईत ओवून ठेवला होता. अजूनही बोलता आले असते. मी कोपऱ्यावरचा दगड सारखा करत बसले.

"आजी लांब असा, बाईनू," आई म्हणाली आणि सुई तिच्यापुढे धरली. "तुमीच घाला."

मालकिणीने अगदी मधोमध टाका घातला. बाकीचे आईने घातले.

वाकळ पुरी झाल्यावर कच्चे टाके काढले. लाल टाक्याला मी कात्री लावणार, तर आई म्हणाली, "रवांदे. चांगल्या मनान घातल्यानी." मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, असे करत मुलगी शाळेत जायला लागली. लाज मात्र जात नाही.

आई आली की मुलगी तिच्या कुशीत तीच वाकळ घेऊन झोपते. परवा त्या टाक्यावर बोट ठेवून तिने विचारले, "हो कोणी घातलो?"

"तुझ्या आजयेन," मी म्हटले.

आईने ऐकले. तिने मुलीच्या पायांवर वाकळ नीट ओढली.