सुदामरावांचा अनवाणी पाय

चालू तासातच शाळेच्या शिपायाने चिठ्ठी आणून दिली. ‘सुदामराव सकाळी गेले.’ फळ्यावरचं गणित तसंच अर्धं ठेवून मी खुर्चीत बसलो... महिना होत आला, तरी रविवार उजाडला की कान दाराशी जातात.

सुदामराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर. रविवारी आमच्याकडे आणि इतर ओळखीच्यांकडे येऊन गाड्या बघायचे, स्वतः मात्र जन्मभर सायकलवर. ब्रेक तपासायची त्यांची एक पद्धत होती. चप्पल काढायची, अनवाणी पाय पायडलवर दाबून धरायचा आणि डोळे मिटून मनातल्या मनात तीनदा त्रिसरण म्हणायचं. ते पूर्ण होईपर्यंत पाय हलायचा नाही. मनगटावर घड्याळ असायचं, पण ते त्याकडे बघतही नसत.

सत्तरच्या दशकात मी एक जुनी फियाट घेतली. पहिल्या दाबात ब्रेक लोण्यासारखा मऊ, पाय खोल जायचा. दुसऱ्यांदा मारला की कडक. गॅरेजवाल्याने दोनदा ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून दिली, चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मग मी मास्तर माणूस, ‘गाडीची सवयच आहे’ असं स्वतःला समजावून प्रत्येक वेळी दोनदा पाय मारायला शिकलो. आई वणीच्या देवीला नवस बोलली होती. तो फेडायला निघालो त्या सकाळी ती ओटीचं ताट मांडीवर घेऊन मागे बसली होती, शेजारी बायको आणि दीड वर्षांची मुलगी. सुदामराव निरोप द्यायला आले होते. म्हणाले, “सर, दोन मिनिटं बसू का?”

ते बसले, डोळे मिटले. दोनदा मारून पायडल घट्ट केलं आणि दाबून धरलं. मग त्यांचा गुडघा अगदी सावकाश, कळेल न कळेल असा पुढे सरकताना मी पाहिला. त्यांनी डोळे उघडले आणि आईला म्हणाले, “माई, खाली उतरा.”

माझं डोकंच फिरलं. “अहो, परवाच हवा काढलीय! आणि तुम्ही कारखान्यातले फिटर, गाड्यांतलं तुम्हाला काय कळतं?” आजही ते शब्द आठवले की लाज वाटते. त्यांनी बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाची डबी पाहिली, मग ते गाडीखाली गेले, चारही चाकांच्या आतून हात फिरवला आणि कोरडा हात मला दाखवला. “तेल भायेर कुठंच नाय, डबीत बी भरलेलं हाय. तरी पायडल खाली जातंय, म्हंजे आतल्या आत गळतंय. गावात दोनदा मारून भागतं, सर. घाटाच्या उताराला पाय दाबूनच धरावा लागतो.”

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि ताट सांभाळत उतरली. “देवी कुठं पळून जात नाही. सुदामा म्हणतोय ना!”

त्यांनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ब्रेकचा मास्टर सिलिंडर खोलला. आतल्या रबरी वायसरची कड नखाएवढी फाटली होती. तेवढ्यावर आम्ही चौघं घाट उतरणार होतो. नवं रबर बसवून त्यांनी एकेका चाकाच्या ब्रेकमधली हवा काढली. मी पायडलवर, ते चाकाशी. “दाबा... धरा... आता सोडा.” दुपारी पायडल दगडासारखं घट्ट झालं. त्या दिवसापासून या माणसाच्या पायाला दिसतं, अशीच माझी समजूत होती.

आठव्या दिवशी त्यांच्या जलदान विधीला एकलहऱ्याला गेलो. त्या सकाळची गोष्ट मी भरभरून सांगत होतो. सुदामरावांच्या पत्नी, आमच्या वहिनी, ऐकून घेत होत्या, मग हळूच म्हणाल्या, “त्या दिशी ते जेवले नाय. म्हणाले, मला बी नक्की कुठं ठावं होतं? रबर चांगलं निघालं असतं तर सरांचं घर मला कायमचं तुटलं असतं. पण माई बसली होती ना आत...”

बाहेर येऊन गाडीत बसलो, चप्पल काढली, पायडल दाबून धरलं. ते जागचं हललं नाही. मीही कितीतरी वेळ पाय उचलू शकलो नाही.